जीभ हिची, अक्षर माझं

४ तारीख, सोमवार

जहाज सुटलं तेव्हा मी सूप पीत होतो. सुटलेलं कळलंच नाही. ही म्हणाली, "अहो, बाहेर बघा, धक्का मागे चालला!" बघितलं. चालला होता. शाळेत समुद्राची कविता म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा, मास्तर म्हणायचे, "हळू, बुडशील!" आणि आता खराखुरा समुद्र काचेपलीकडे, तर मी रुमालाची घडी घालत बसलो.

काम तसं सोपं आहे. लेकीचं प्रवासाचं ऑफिस — फक्त म्हाताऱ्या माणसांच्या सहली. पुढच्या महिन्यापासून त्यांना समुद्रावर न्यायचंय. तीन जहाज कंपन्या मागे लागल्यात. तिन्ही माहितीपत्रकांत तेच टेबल, तीच द्राक्षं, तसाच दात दाखवणारा आचारी. म्हणून तिने ठरवलं — आईबाबांनी तिन्ही जहाजांवर जेवून यायचं आणि कोणाचं जेवण खरं ते सांगायचं. "म्हातारी माणसं जेवणावर रुसली की माझी सहल बुडाली. आई चव घेईल, बाबा, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर काय, भाषा काय!"

तिला माहीत नाही. हिलाही नाही. मला चव लागत नाही. दोन वर्षांपूर्वी तो ताप आला, त्यात गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "येईलही. नाहीही येणार." घरी येऊन मी काही बोललो नाही. ही रोज डाव हातात धरून माझ्या खुर्चीशेजारी उभी — "कसं झालंय?" सगळा दिवस त्या प्रश्नाकडे येतो तिचा. उत्तर देणारी जीभच मेलीय हे सांगितलं तर उद्यापासून ती गॅस कोणासाठी पेटवेल? आणि मग आम्ही दोघं त्या घरात करणार काय?

म्हणून मी "छान" म्हणतो. तोंडात कापूस असतो.

५ तारीख, मंगळवार

या जहाजाला मी 'राजवाडा' म्हणतो. जेवणघरात झुंबरं, मधोमध लोण्याचा राजहंस. त्याची मान दुपारपर्यंत वाकते, संध्याकाळी नवीन राजहंस येतो. कालची मान कुठे जाते म्हणून हिने वाढप्याला विचारलं. तो नुसता हसला. "म्हणजे पावाला," ही म्हणाली.

हिचं चालूच असतं. "मासा गार आणि बशी गरम! उलटं हवं होतं ना?" "पाव कालचा आहे. वरून पाणी मारून परत भाजलाय. मला फसवतात होय!" "ह्या सॉसला नाव दीड हात आणि चव बोटभर."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहतो. भुवया उचलल्या — आंबट. डावा गाल आत गेला — मीठ जास्त. डोळे क्षणभर मिटले — जमलंय. मग त्याप्रमाणे मीही मान हलवतो. शेजारच्या टेबलांवरही लक्ष असतं. लोक वाढप्याला वाहवा म्हणतात आणि अर्धा मासा रुमालाखाली सारतात. ते टिपून ठेवतो.

लहानपणी कितीतरी कविता अशाच पाठ केल्या. अर्थ लागत नव्हता, चाल तेवढी लागायची. बाकावर उभं राहून म्हटल्या, शाबासकी मिळवली. हिच्या हातच्या भाजीची चव मला तशी पाठ आहे. म्हणून दाखवता येते.

६ तारीख

तीनदा जेवलो. समुद्र होता तसाच.

८ तारीख, शुक्रवार

राजवाड्याचं टिपण लेकीला पाठवलं. 'लाटांच्या पायघड्यांवरून चालत आलेली मेजवानी' अशी सुरुवात केली. हिला वाचून दाखवली. "लाटांचं काय घेऊन बसलात! मासा गार होता ते लिहा."

लिहिलं. शेवटी.

१३ तारीख, बुधवार

दुसरी कंपनी, दुसरं जहाज. हे 'शाळा'. जेवणाची घंटा होते, जागा ठरलेली, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं तर हात वर करायचा! मला बरं वाटायला हवं होतं. घंटेचा आवाज अगदी आमच्या शाळेच्या घंटेसारखा आहे, जरा चिरका. ऐकला. एवढंच.

आमच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत. जन्मभर अग्निशामक दलात होते, मी त्यांना बंबवाले म्हणतो. कशातही मिरी जरा जास्त झाली की टेबलावर मूठ आपटून, "लागली! बंब बोलवा!" हिला फार हसू येतं. एवढी हसते हे मी विसरलो होतो.

हिचा निकाल आजपर्यंत चांगला. "भाजी शिजलीय, मेली नाहीये. सूप कोणीतरी चाखून मग पाठवतंय."

संध्याकाळपासून जहाज डुलायला लागलं. ही न जेवता आडवी झाली.

१४ तारीख, गुरुवार

ही दिवसभर खोलीत. लिंबू हुंगत पडलीय. "माझ्यामुळे टिपण अडवू नका. जा, जेवा आणि लिहा. तुम्हाला काय जीभ नाही?"

गेलो. समोर हिची रिकामी खुर्ची. बघायला तोंडच नाही! बंबवाल्यांकडे बघून जेवलो. पण त्यांना गोड बंद आहे, ते शेवटच्या पदार्थाआधीच हवा खायला वर गेले. मग कस्टर्ड आलं. पिवळं, थरथरतं. बाकीचे उठायला लागले होते. बोटीच्या डुलण्यामुळे असेल, असं वाटलं. मी वाटी संपवली.

खोलीत येऊन लिहिलं — 'कस्टर्ड म्हणजे आईने म्हटलेलं अंगाईगीत. गोड, मऊ, डोळ्यांवर पेंग आणणारं.' वाक्य चांगलं जमलंय असं वाटलं. ही झोपली होती. तिला न दाखवताच लेकीला पाठवून दिलं.

१५ तारीख, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

सकाळी हिला बरं होतं. चहाला आली. तेवढ्यात आतून मुख्य आचारी आला, टोपी हातात. एकेका टेबलापाशी थांबून माफी मागत होता. काल साखरेच्या डब्यात मीठ भरलं गेलं. सगळ्या जहाजाचं कस्टर्ड खारट झालं, वाट्या तशाच्या तशा परत आल्या.

"तशाच्या तशा कशा?" बंबवाले म्हणाले. "आपल्या ह्यांनी तर चाटूनपुसून खाल्लं! वाढपी सांगत होता मला. मी म्हटलं, पैज लावलेली दिसतेय."

आचारी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "इतकं काही वाईट नव्हतं."

हिने तिच्या चहाच्या बशीतली लिंबाची फोड उचलली आणि माझ्यासमोर धरली. "खा." खाल्ली. सालीसकट. माझा चेहरा हलला नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

बंबवाल्यांनी पेपर उघडला. भला माणूस.

खोलीत आल्यावर ती पलंगावर बसली, मी खुर्चीवर.

"कधीपासून?"

"त्या तापापासून."

"दोन वर्षं! आणि रोज छान, छान! मी विचारत होते ते काय भिंतीला?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला?" ती पलंगावरून उठून उभी राहिली. "तुम्हाला तिखट सोसत नाही, तुम्हाला लसूण नको, तुम्हाला मिरीचा वास नको. लग्नापासून तसलं मिळमिळीत करतेय मी. मला नाही आवडत ते. कधीच नाही आवडलं. तुम्हाला आवडतं ना, एवढ्यावर करत होते. आणि तुम्हाला दोन वर्षं काही लागतच नव्हतं!"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

मला वाटलं, आता ती रडेल. रडली नाही. मीही नाही. घंटा झाली. जेवायला गेलो.

१६ तारीख

ही बोलत नाही. बंबवाल्यांनी हळूच विचारलं, "विझली का?" मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "धूर आहे अजून."

२१ तारीख, गुरुवार

तिसरं जहाज. जुनं आहे, जिन्याच्या कठड्याचा रंग हाताला लागतो. 'खानावळ'! जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यात कमरेएवढी भिंत, आत चाललंय ते सगळं दिसतं. राजहंस नाही, घंटाही नाही. शिजलं की आचारी पळी आपटतो.

हिने पहिल्याच दिवशी माशावर लसूण मागितला, वर हिरव्या मिरच्या. खाताना डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतेय! मी रुमाल पुढे केला. घेतला. "अहो, काय सांगू तुम्हाला," म्हणाली, आणि सांगितलं नाही. कोणाला सांगणार?

दुपारी बघतो तर ही त्या भिंतीपलीकडे. मुख्य आचाऱ्याला काहीतरी समजावतेय, तो कमरेवर हात ठेवून ऐकतोय. पदर खोचलेला. मी भिंतीच्या अलीकडे बसून होतो. एका वाढप्याने विचारलं, "आजोबा, काही हवंय?" मी म्हणालो, "नाही, सहज."

२३ तारीख, शनिवार

हिने टिपण सांगितलं, मी लिहून घेतलं. "लिहा. पाव रोजचा रोज, भूक असेल तर नुसता खावा असा. मासा काटे काढून मिळतो, पण मागावा लागतो — लाजू नये. पथ्याचं जेवण वेगळं शिजवतात, उरलेल्यात पाणी घालत नाहीत. कॉफी वाईट. कॉफीच्या नादी लागू नये."

मी 'सोनेरी पाव' लिहिलं होतं. तिने खांद्यावरून वाचलं. "सोनेरी खोडा."

खोडलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, काय मस्त लिहिलंय हो! पहिल्यांदाच समजलं, तिथे खायला काय मिळणार आहे ते!"

"ते आईचं आहे," मी म्हणालो. "आधीच्या टिपणांतलंही जेवढं खरं होतं तेवढं आईचंच." मग तापाचं सांगितलं. कस्टर्डचंही. मला वाटलं, फोन कटला.

"बाबा, मग तुम्ही इतके दिवस जेवत कसे होतात?"

"आईकडे बघून."

मग म्हणाली, "तुमचं ते अंगाईगीत मी जाहिरातीत घालणार होते." हसली. मला वाटतं हसलीच.

३० तारीख, शनिवार

घरी आलो. खानावळ ठरली. पहिली तुकडी पुढच्याच आठवड्यात निघतेय. त्यांच्याबरोबर जेवणाकडे बघायला कोणीतरी जाणतं माणूस हवंय, असं लेक आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती.

"आई, तू जाशील?"

ही पातेलं घासत होती. हात थांबले. नळ चालूच. "बघते," म्हणाली. इतक्या वर्षांत हिचं 'बघते' मी ओळखतो. गेली समजायचं.

लेक गेल्यावर मला विचारावंसं वाटलं, आणि मी? ओठांपर्यंत आलं होतं. "गरम कपडे घे," असं म्हणालो. "वर वारा असतो."

"हो," ही म्हणाली.

५ तारीख, गुरुवार

गेली.

९ तारीख, सोमवार

दुधात पाव बुडवून खाल्ला. उभ्याउभ्याच. सकाळी तेच, दुपारी तेच. बशी धुवावी लागत नाही, वाटीवर भागतं. शेजारीण डबा घेऊन आली होती. तिला म्हटलं, "कशाला उगाच, मला काही कळत नाही." तिला वाटलं मी रागावलोय. डबा ठेवून गेली. उघडला नाही.

दुपारी स्वयंपाकघरात उभा राहून ती समुद्राची कविता मोठ्याने म्हणून बघितली. पहिलं कडवं आलं. दुसऱ्याला अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच. मागून कोणी ओळ सांगेल म्हणून थांबलो, एवढा वेळ की फ्रिज बंद होऊन परत सुरू झाला. खुर्ची ओढून बसलो. तिथून गॅस समोर दिसतो. पुसून लख्ख ठेवून गेलीय.

वाईट वाटतंय का, हे स्वतःला विचारलं. कळलं नाही.

१४ तारीख, शनिवार

हिचा फोन आला. ही तुकडी उतरली की दुसरीबरोबर लगेच परत निघणार, तिच्या पुढचीही ठरलीय. विचारायला नव्हता केला, सांगायला केला होता. आवाज केवढा मोकळा! मागे पळ्या वाजत होत्या. "तुमचं जेवणाचं काही अडत नाही ना?" म्हणाली. नाही म्हणालो. खरंच आहे ते. फोन ठेवला. बसून राहिलो. मग लेकीला लावला.

"पुढच्या तुकडीत एखादी जागा आहे का ग?"

"कोणासाठी, बाबा?"

"एक म्हातारा आहे. जेवणाबद्दल त्याची काही तक्रार नसते."