सावलीपुरता ट्रक

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना अजिबात चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू त्यांना 'बरं' म्हणालीस ते गच्चीवरून, असं आईकडून कळलं. तेव्हा बरा असावा, असं धरून चालते. इकडे आम्ही तिघं सुखरूप आहोत. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी ते तपासून लिहिलं आहे, कारण परवा दुपारी ते खोटं होता होता राहिलं. मी अजून सावरलेली नाही. (अक्षर नेहमीसारखं आलं आहे, त्यावर जाऊ नकोस.)

झालं असं, की आईच्या मैत्रिणीला भेटून आम्ही हायवेनं परत येत होतो. बाबा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. मी ऑफिसच्या बसनं जाते-येते, त्यामुळे हायवेवर बाबा काय करतात ते मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, गाडी चालवतात. वाटेत एक कंटेनरवाला लांबलचक ट्रक लागला. बाबा त्याच्या डाव्या अंगाला आले, वेग कमी केला आणि तिथेच राहिले. तो जोरात गेला की हेही जोरात, तो मंदावला की हेही मंद, जसे काही दोघं मिळून फिरायला निघाले आहेत. पुढे का जात नाही, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "कशाला? मस्त सावली आहे."

आत्या, हे वाक्य मी जसंच्या तसं दिलं आहे.

आईला एसीनं शिंका येतात आणि उन्हानं डोकं दुखतं, हे तुला माहीत आहेच. या दोन्हींवर बाबांचा इलाज म्हणजे ट्रक. तो उंच हवा, घाईत नसावा आणि वाळूचा नसावा (वाळू काचेवर उडते). असा मिळाला, की ऊन ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूला गाडी घालायची आणि आईला म्हणायचं, "झोप आता." आई खरंच झोपते. अर्धी काच खाली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर इतकं समाधान की मला क्षणभर बोलायचा धीर झाला नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल. बाबा लोकांना सांगतात, ती काचेचं काहीतरी करते. मी ट्रकचे आरसे तपासते. आमच्या हॉलमध्ये ट्रकची केबिन एका लोखंडी चौथऱ्यावर ठेवलेली असते. एक जण आत ड्रायव्हरच्या जागी बसतो, दुसरा बाहेर काठी घेऊन फिरतो, आणि आतल्याला काठी दिसेनाशी झाली की तिथे जमिनीवर खडूनं खूण करतो. खुणा जोडल्या की ड्रायव्हरला न दिसणारी जागा हाती येते. डाव्या अंगाला, दरवाजाच्या जरा मागे, ती सगळ्यात ऐसपैस असते. एक अख्खी मोटार तिच्यात मावते. ही जागा आखण्याचा मला पगार मिळतो. परवा त्या खडूच्या रेघेच्या आत माझे आईवडील होते, आणि त्यातली एक घोरत होती.

मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. त्याच्या शेजारून जायचं तर रेंगाळायचं नाही, निघून जायचं. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या तोंडासमोर घुसायचं नाही, कारण त्याला थांबायला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त रस्ता लागतो. ते जमत नसेल तर चांगलं अंतर सोडून मागे राहायचं. शेजारी मुक्काम करायचा नाही. बाबा मान हलवत राहिले (त्यांची मान हलणं म्हणजे फक्त जागे असल्याची खूण) आणि म्हणाले, त्याला आपण माहीत आहोत, मगाशीच हात केलाय मी त्याला. त्यानं केला का, असं मी विचारलं. तर म्हणे त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, जबाबदार माणूस आहे.

तेवढ्यात बाबांच्या टकलावर केशरी उजेड लागू-विझू लागला. आई जागी झाली.

"अहो, हा दिवा कुणासाठी?"

"त्याला वळायचं असेल."

"कुठे?"

बाबांनी यावर विचार केलेला नव्हता. डावीकडे आम्हीच होतो.

ट्रक अंगावर येतो म्हणतात, तेव्हा तो धावून येत असेल अशी माझी समजूत होती. तो सावकाश येतो, घराची भिंत सरकावी तसा. बाबांनी हॉर्न दिला, मग जरा रागाचा हॉर्न दिला. पायानं मात्र काहीही केलं नाही, कारण त्यांच्या मते तिथे आम्ही आधीपासून होतो. मी म्हटलं, "बाबा, ब्रेक. आत्ता." (मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांनी वाद घातला असता, असं आई म्हणते.) ब्रेक लागला. कंटेनरची मागची कड आमचा उजवा आरसा उडवून गेली आणि ट्रक हायवेवरून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागला. त्या माणसाला यातलं काहीही कळलेलं नाही. घरी जाऊन तो चांगलं जेवला असेल.

आम्ही कडेला थांबलो. बाबांनाही धक्का बसला होता, पण वेगळाच. एवढा वेळ सोबत होतो, साधं वळूनही बघितलं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायला बघत होती आणि ते लागत नव्हतं. मी बाटली तिच्या हातातून घेतली. मलाही ते लागेना.

पुढच्या पेट्रोल पंपावर एक ट्रक उभा होता. त्याच्या ड्रायव्हरला विनंती करून मी बाबांना केबिनमध्ये बसवलं आणि आईला माझ्या त्या जागेत उभं केलं. आई दिसते का, विचारलं. बाबांनी सगळे आरसे बघितले. नाही, म्हणाले. आई हात हलवू लागली. तरी नाही. आईनं मला हळूच विचारलं, "म्हणजे इथे उभं राहिलं की मी ह्यांना दिसतच नाही?" नाही, मी म्हटलं. तिनं ती जागा एकदा नीट बघून घेतली. "इतकी वर्षं कुठे होती ही जागा?"

बाबा गंभीर होऊन उतरले आणि घरापर्यंत उन्हातून आले. मला वाटलं, जमलं. दाराशी बूट काढता काढता ते म्हणाले, चूक माझीच, आपण फार पुढे होतो. यापुढे त्याच्या मागच्या चाकांशी राहायचं. मी तेव्हापासून कामाव्यतिरिक्त कुणाशी फारसं बोललेले नाही.

असो. गुडघ्याला जप, गच्चीवरून लवकर खाली ये.

तुझी भाची

ता. क. खरं काम असं : दोघं रविवारी गाडीनं तुझ्याकडे निघताहेत, आणि रविवारी कडक ऊन आहे. बाबा माझं ऐकत नाहीत, ताईचं, म्हणजे तुझं, ऐकतात. तू फोन करून ट्रकचा नाद सोडायला सांग. मला पुन्हा ते झाकण लावत बसायचं नाही.

ता. क. २. ही सावलीची युक्ती कुठून शिकलात, असं आत्ता बाबांना विचारलं. म्हणाले, "ताईनं दाखवली. ती अजून तशीच जाते." तेव्हा फोनवर 'मीही सोडलं' असं सांग, आणि त्याआधी सोड.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आतच तुझा फोन येऊन गेला. (आरशाची बातमी आईनं दिली असणार.) बाबा फार खुशीत आहेत. तू म्हणे त्यांना सांगितलंस, की ट्रक सोड, सावलीला बस धर. बसला खिडक्या असतात, कुणी ना कुणी आपल्याला बघतं. वरच्या दोन्ही विनंत्या रद्द समज. आईसाठी आमच्या गाडीच्या मागच्या खिडक्यांना मी जाळीचे पडदे लावून घेतले आहेत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी गाडी मी आणते. तुझ्या गाडीची किल्ली दारातच माझ्या हातात दे, पाणी नंतर विचार.