झाकणाचा वास

बाबा, धाकट्याला अंधेरीच्या बारमध्ये नेलं ही माझीच चूक. बार म्हणजे तुम्ही समजता तसला नाही. तिथे आत मोठाल्या टाक्या आहेत, बियर तेच बनवतात. नवी बियर तयार झाली की नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी पाचसहा जणांना रविवारी दुपारी चव बघायला बोलावतात. वर्षभर त्यात मी आहे. रिटायर झाल्यापासून माझं मत विचारणारी तेवढी एकच जागा उरलीय, त्यामुळे तिथे मी जरा रुबाबात असतो. या वेळी अंबर एल नावाची बियर होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. धाकटा घरी आला होता. म्हणाला, "मलाही ने ना रे दादा." नेला.

मी आपलं सगळं रीतसर केलं. ग्लास उजेडात धरला, फेस बघितला, घोट तोंडात फिरवला. भाजलेल्या पावाची चव, किंचित गूळ, शेवटी हलकी कडवट. कागदावर दहापैकी नऊ लिहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "झकास जमलीय." धाकट्याने अजून ग्लास ओठाला लावला नव्हता. त्याने ग्लासावर तळहात झाकला, थोडा थांबला, मग हात उचलून तळव्याचा वास घेतला. थेट तुमच्यासारखा.

आरेच्या डेअरीत धक्क्यावर दुधाचे कॅन उतरतायत आणि तुम्ही दुधाकडे बघतसुद्धा नाही. झाकण काढायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, हा आत, हा बाजूला. वास आधी झाकणात साठतो, म्हणायचात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा आम्हा दोघांना नेलं होतंत. झाकण आधी माझ्या नाकाशी धरलंत. मी म्हटलं, चांगलं आहे. धाकटा सहा वर्षांचा, त्याने नाक मुरडलं, "आंबतंय हे." तुम्ही त्याला कडेवर घेऊन धक्काभर मिरवलंत आणि मला म्हणालात, "तुझं काम नाय रे हे. तू आपला अभ्यास कर." केला. बँकेत मॅनेजर झालो, तुमच्या दुखण्यात रात्रंदिवस मीच होतो. पण त्या अंथरुणावरूनही, बांगडा ताजा आहे का ते बघायला तुम्हाला धाकटाच लागायचा. मी जळायचो त्याच्यावर. साठी उलटली तरी जळतो. लाज वाटते, पण जळतो.

बियर बनवणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, "काका, तुम्हाला कशी वाटली?" तो संकोचून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण लोण्याचा वास येतोय. यायला हवा का तो?" बाईंनी ग्लास नाकाशी नेला, टाकीतून आणखी थोडी काढून आणली, पुन्हा वास घेतला. "बरोबर आहे. दोष आहे हा, आम्ही घाई केली. शनिवारी विकायला नाही काढायची ही." मग त्यालाच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही नक्की या हं." मला कोणी काही विचारलं नाही. नऊ मार्कांचा कागद मी घडी करून खिशात टाकला. रिक्षात धाकटा म्हणाला, "दादा, तुला नाही आला वास?" म्हटलं, "सर्दी झालीय रे."

त्याच कागदाच्या पाठीवर हे लिहितोय, आणि तो परत त्याच खिशात जाणार. सर्दीबिर्दी काही नव्हती, बाबा. पहिल्याच घोटाला मला लोण्याचा वास आला होता. ड्युटीवरून आलात की तुमच्या शर्टाला यायचा, तोच. तो दोष असेल असं माझ्या मनातच आलं नाही. नऊ मार्क मी त्या वासालाच दिले होते.