बाहुलं पुन्हा माझ्याच तुकड्यात

१८ डिसेंबर
वर्गात नाणी उडवायला दिली आणि नुसता बाजार झाला! गणिताप्रमाणे निम्म्या वेळा छापा. एकीला दहात आठ आले. "बाई, खोटं कोण बोलतंय, पुस्तक की नाणं?" म्हटलं, कुणीच नाही, आणखी उडव. शंभर झाले तेव्हा बावन्नवर आली. पोरगी खट्टू! "आणि तरीही आठच येत राहिले असते तर?" तर मग नाणंच तपासायचं, म्हटलं.

२० डिसेंबर
दूर मेरिदा शहरातल्या शाळेचा फोन. शिक्षिकेची जागा आहे, दहा जानेवारीपर्यंत कळवा. जावं झालं. नवरा फर्मीन वारल्यावर या हालापा शहरात माझं कोण उरलंय? त्याच्या माणसांना त्याची बायको आठवते ती मक्याचे तमाल खायला.

५ जानेवारी
उद्या तीन राजांचा सण, सासूबाईंकडे रोस्का कापायचा. माणसं आठ, त्या गोल गोड पावात लपवलेलं बाहुलं एक. म्हणजे माझी पाळी आठातून एकदा. आणि फर्मीन गेल्यापासून तिन्ही वर्षं माझ्याच तुकड्यात! पाचशे बारात एकदा घडायची गोष्ट. ज्याला बाहुलं, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना घरी बोलावून तमाल खायला घालायचे. मक्याचं पीठ मळून माझे हात गळतात, आणि दीर म्हणतो, "वहिनी, नशीबवान हं!" त्याचं काय जातंय!

वर्गात म्हणणं सोपं – आणखी उडव. रोस्का वर्षातून एकदाच. शंभर वर्षं थांबू?

६ जानेवारी
सासूबाईंनी नेहमीसारखं ताट फिरवून माझ्यापुढे धरलं. "इथून काप गं ओतिलिया, अंजीर आहे बघ." दरवर्षी अंजीरच! मी मुद्दाम पलीकडून कापला. त्यांचा चेहराच पडला. अंजिराची बाजू जावेकडे, मारीक्रूसकडे गेली आणि तिची सुरी अडली.

"अहो आई, हे तर ओतिलियाचं बाहुलं!" ती ओरडली, आणि तोंडावर हात.

मग दिरानेच सांगून टाकलं. सगळ्यांना ठाऊक होतं! पाव घरी आला की म्हातारी खालून बोटाने बाहुलं अंजिराखाली सरकवते. माझा हिशेब बरोबरच होता; त्यात हे बोट धरायचं राहिलं होतं.

भडकलेच मी. "तीन वर्षं माझ्याच डोक्यावर?"

"मग काय करू?" सासूबाईही काही कमी नाहीत. "एरवी दार उघडतेस कुणाला? माझ्या फर्मीनच्या घरात वर्षातून एकदा तरी चार माणसं हसू देत की!"

मग रडल्या. मीही. कपांतलं चॉकलेट गार झालं.

१० जानेवारी
मेरिदाला नाही म्हणून कळवलं. मग सासूबाईंना फोन – उद्या सगळे माझ्याकडे जेवायला या.

"उद्या? उद्या काय आहे गं?"

काही नाही, म्हटलं. या.