निर्व्यसनी मुलगा

राळेगाव
दि. ११ ऑगस्ट २०१९

तीर्थरूप धम्मरत्नदादास,
कांताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुला फोनवर अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अर्धे तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. जन्मभर पोस्टात लोकांची पत्रे वाटलीस, आता बहिणीचे एक वाच. इकडे सर्व ठीक. पऱ्हाटी कमरेला लागली, तूरही बरी आहे, पण बोंडअळीचा धाक डोक्यातून जात नाही. राजूचे बाबा सकाळीच पाठीला पंप लावून फवारायला निघतात. मोनालीला सातवा लागला. ममतावहिनीचे लोणचे तिला फार आवडले. सासूच्या हातचे काही आवडत नाही, ते असो.

लिहायचे कारण तुझा लाडका भाचा. लग्नात तू राजदीपला हौसेने मोबाइल दिलास. आता तो जेवताना डाव्या हातात असतो आणि संडासात उजव्या. गोळीबाराची कसली गेम आहे. चार पोरांची टोळी असते, कोण कुठला पत्ता नाही. कानात वायरी घालून हा दिवसभर खाटेवर उताणा. मानेवर मळाची पुटे, उशीवर तेलाचा डाग, नखे अशी की बघवत नाहीत. घास तोंडात घेतला की गिळायचे भान नसते, तसाच गालात राहतो, आणि ओरडला की वरणाचे शिंतोडे चादरीवर. आई असून लिहिते दादा, बघून मला ओकारी येते.

आणि ओरडणे तरी कसले! मेलो रे, मेलो, उचला मले! पहिल्या वेळी मी आणि मोनाली भाकरीच्या हातांनी धावत गेलो, तर हा हसत होता. त्या खेळात माणूस पडला की सोबत्याने येऊन उचलायचे असते म्हणे. आता दिवसभर तो मरतो, आणि आम्ही भाकरी थापतो.

खरी भीती वेगळीच आहे. काल अंबाडी निवडताना मोनाली म्हणाली की आई, बाळंतपणाला माहेरी नेरले गेली का मले वापस यावंसं वाटन असं नाही वाटत. रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती सहज बोलून गेली. तूच मध्यस्थ होतास. तिच्या वडिलांच्या, पंजाबरावांच्या ओसरीवर बसून तूच शब्द दिलास की मुलगा निर्व्यसनी आहे, सुपारीचे खांडही तोंडात टाकत नाही. आता ये आणि त्याला चार शब्द सुनाव.

सर्वांना जयभीम. लोभ असावा, पण भाच्यावर जरा कमी असावा.

तुझी धाकटी,
कांता

कळंब
दि. २० ऑगस्ट २०१९

चि. सौ. कांतास,
दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. तुझे अक्षर अजून तसेच आहे, राग आला की वेलांट्या ओळ सोडून वर चढतात. वहिनीला वाचून दाखवले. लोणच्याच्या ओळीवर ती खूश झाली, पुढचे तिने ऐकलेच नाही.

कांते, तू राईचा पर्वत करतेस. आजूबाजूला पाहा. खर्रा चघळून कोपरे रंगवणारी पोरे, सट्टा लावणारी, संध्याकाळी तोल सावरत घरी येणारी. आपला राजदीप यातले काही करत नाही. घरात असतो, डोळ्यासमोर असतो. डी. एड. होऊन बसला, भरती काही निघत नाही, तरण्या पोराने दिवस ढकलावा कसा? आम्ही पोस्टात असताना जेवणाच्या सुट्टीत कॅरमवर पडायचो, एकदा तर साहेब येऊन मागे उभे राहिले तरी कळले नाही. तो छंद होता. हाही छंदच. वय सरले की सुटतो.

व्यसन म्हणायला काही मोजमाप लागते. वर्षावास चालू आहे, विहारात रोज पाचवे शील मीच म्हणवून घेतो. त्यात सुरा आहे, मेरय आहे. दोन्ही दारूच. मोबाइल त्यात कुठे बसत नाही. तेव्हा मी पंजाबरावांना दिलेला शब्द खोटा नाही, हे ध्यानात घे.

लेकरू येऊ दे. बापाच्या मांडीवर त्याने एकदा ओले केले की मोबाइल आपोआप बाजूला पडेल. भाऊजींना सांग, फवारताना तोंडाला फडके बांधा, वाऱ्याकडे तोंड करू नका.

माया आहेच, ती पत्रातून पाठवीत राहावी.

तुझा,
धम्मरत्नदादा

राळेगाव
दि. ३१ ऑगस्ट २०१९

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझे पत्र मोनालीला दाखवले नाही, बिचारी अजून तुला शहाणा समजते.

लेकरू मांडीवर ओले करेल आणि हा तसाच ओला बसून राहील, हे मी आज लिहून देते. परवाची गोष्ट सांगते. शेजारच्या सुखीबाईकडची मांजर याच्या ताटात तोंड घालून दूधपोळी खात होती. याने न बघता हात घातला, त्याच ताटातला घास उचलला आणि खाल्ला. मांजर एका बाजूने, हा दुसऱ्या. मोनाली उठून मोरीवर गेली आणि तिने पोटातले सगळे काढले. मी तिची पाठ चोळली. आतून राजूचा आवाज आला की दार लावा, आवाज होऊन राह्यला.

तू खर्ऱ्याचे लिहिलेस. अरे, खर्रा खाणारा थुंकायला तरी उठतो!

तुझ्या कॅरमचे कौतुक राहू दे. सुट्टी संपली की तू कामाला लागायचास. मी एक दिवस मोबाइल पेटीत घालून किल्ली कनवटीला लावली. संध्याकाळपर्यंत याचे हात कापायला लागले. पोटुशा बायकोला काय शब्द बोलला तो मी कागदावर आणणार नाही. मोबाइल परत दिला तेव्हा लहान पोरासारखा माझ्या पायाशी रडला, आणि रडता रडता बोटे चालू. ही हौस म्हणायची का?

आणि शीलाचे म्हणशील तर परवा आमच्या विहारात भंतेजी आले होते, त्यांना विचारलेच. आपण सगळे सुरामेरयपर्यंत जोरात म्हणतो आणि पुढचे पमादट्ठाना दम संपल्यासारखे उरकून टाकतो. भंतेजी म्हणाले की माणसाचे भान जिथे सुटते ती जागा, असा त्याचा अर्थ. दारू ही त्यातली एक. तू इतकी वर्षे लोकांकडून म्हणवून घेतोस, तुला हे कोणी विचारलेच नाही का?

रागावू नकोस. तुझ्यावर रागावायचा हक्क मला एकटीलाच आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
कांता

यवतमाळ
दि. १३ सप्टेंबर २०१९

दादा, जयभीम.

दवाखान्यातून लिहिते. राजूचे बाबा वाचतील. डॉक्टर तसे म्हणाले, म्हणून आधी तेच लिहिले.

काल दुपारी वारा फिरला तरी यांनी फवारणी अर्धी टाकली नाही. घरी आले आणि न्हाणीपाशी कोसळले. राजूला हाक मारली. मेलो रे, उचल मले. दादा, मी चुलीशी होते, मोनाली पीठ मळत होती. दोघींनी ऐकले. मोनालीने मानही वर केली नाही. मला आधीच किळस आली होती, सकाळपासून राजूचे तेच चालू होते. मी तिथूनच ओरडले की मर एकदाचा, म्हणजे मी सुटीन.

राजूनेही ऐकले. त्याला वाटले टोळीतला कोणी पडला. आतून म्हणाला की थांब ना बे, येऊन राह्यलो, पयले समोरचा पाडतो.

सुखीबाई चाळणी मागायला आली आणि तिने किंकाळी फोडली, तेव्हा आम्ही बाहेर आलो. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावातल्या खेमसिंगच्या गाडीत घालून आणले.

आज शुद्धीवर आले. अजून धूसर दिसते त्यांना. माझा हात चाचपून म्हणाले की तू बोलली ते आयकू आलं मले. बस्स, एवढेच बोलले. मी काय सांगू त्यांना? की ते वाक्य तुमच्यासाठी नव्हते, आपल्या लेकासाठी होते? ते सांगून तरी काय फरक पडतो?

राजू बापाच्या पायावर डोके ठेवून रडला. पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली. तू ये. मला माझ्याच तोंडाची घाण वाटते आहे.

कांता

कळंब
दि. १९ सप्टेंबर २०१९

चि. सौ. कांतास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यातून सुटून भाऊजी काल दुपारी आमच्याकडे पोचल्यापासून दोनदा पेज प्याले. नजर सुधारते आहे, वहिनीला त्यांनी साडीच्या रंगावरून ओळखले. त्यांची काळजी करू नकोस, डॉक्टर इथे चार घरे टाकून आहे.

परवा दवाखान्यात तुला बोललो नाही, ते आता लिहितो. मी आलो तेव्हा तू औषधे आणायला गेली होतीस. भाऊजी खाटेवरून हात लोंबवून पाण्याचा गिलास चाचपत होते. राजदीप कुठे, म्हणून पाहिले तर खाटेखालून त्याचे पाय बाहेर आलेले. भिंतीत प्लग खाली होता, म्हणून तो खाटेखाली शिरून बसला होता. चाचपताना भाऊजींचा हात लघवीच्या भांड्याला लागला आणि ते सांडले. ओघळ त्याच्यापर्यंत गेला. तो जरासा सरकला, मग तिथेच त्या ओल्यात बसून राहिला. मी हाक मारली तर म्हणाला की मामा, एवढी एक होऊ द्या.

मी भाऊजींना पाणी पाजले, पुसून घेतले आणि बाहेर येऊन जिन्याशी उभा राहिलो.  शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. तू लिहिले होतेस ते मी हसण्यावारी नेले. छंद हा शब्द मी मागे घेतो. काल विहारात पाचव्या शीलाशी आलो आणि ते दुसऱ्याला म्हणायला लावले.

मात्र एक ऐक. मोनाली आता माहेरी जाईल. पंजाबरावांना यातले काही कळू देऊ नकोस. माझा शब्द गुंतला आहे, समाजात चार लोक मला मानतात. बाळंतपण होऊ दे, बारसे होऊ दे, मग पाहू. तिलाही समजावून पाठव. घरातली गोष्ट घरात राहू दे.

या म्हाताऱ्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धम्मरत्नदादा

नेर
दि. ३० सप्टेंबर २०१९

तीर्थरूप दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

वरचा गाव पाहून दचकू नकोस. मी पंजाबरावांच्या घरून लिहिते आहे.

तुझे म्हणणे मी मनावर घेतले होते. मोनालीला सांगितले की तिकडे तोंड उघडू नको. ती हो म्हणाली. काल सकाळी तिला यवतमाळच्या गाडीत बसवून द्यायला आम्ही स्टँडवर गेलो. पंजाबराव यवतमाळला घ्यायला येणार होते. राजूने दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. पिशव्या त्यानेच उचलल्या, खिडकीची जागा धरली, तिला पाण्याची बाटली आणून दिली. माझे मन इतके भरून आले की वाटले, हिला खाली उतरवावे, बाळंतपण इथेच करू.

कंडक्टर चहाला गेला होता. तेवढ्या वेळात याने खिशातून मोबाइल काढला. गाडी सुरू झाली, मोनालीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. त्यानेही हात वर केला. मान खालीच. दादा, तिने किती वेळ हात हलवावा?  मी हात करून गाडी थांबवली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी चढले. त्याने ते पाहिले नाही.

पंजाबरावांना मी सगळे सांगितले. मांजराचे ताट, न्हाणी, खाटेखालचे, माझ्या तोंडचे, सगळे. तुझी काय, माझीही अब्रू राखली नाही.  ते म्हणाले की म्या दारू इचारली, खर्रा इचारला, सट्टा इचारला, धम्मरत्नभाऊंनी खरंच सांगितलं, याचं तर मले नावच मालूम नोतं, इचारतो कायले? मग मला जेवायला बसवले. तुझ्यावर त्यांचा राग नाही. मुलगी मात्र ते परत पाठवणार नाहीत, आणि पाठवा असे मीही म्हटले नाही.

आज सकाळी त्यांच्या फोनवर राजूचा फोन आला. मला वाटले, आई रात्रभर घरी नाही म्हणून घाबरला असेल. त्याने मोनालीला विचारले की चार्जर कुठी ठेवलं, आणि आई दिसून नाही राह्यली, शेजारी गेली वाट्टे, भूक लागली. तिने फोन माझ्या हातात दिला. मी म्हटले की राजू, मी काल बशीत चढली, नेरले आहे.  मला वाटले आता रडेल, रडला असता तर मी दुपारच्या गाडीने परत निघाले असते. तो म्हणाला की बरं, पण चार्जर?

मी फोन बंद केला.

मोनालीच्या बाळंतपणापर्यंत मी इथे आहे. राजूच्या बाबांना तू सांभाळ आणि त्यांना सगळे सांग. राळेगावला सुखीबाईला निरोप पाठवला आहे की राजूला ताट पोचवू नकोस. तुलाही तेच सांगते, आणि ममतावहिनीला माझी शपथ घाल, तिचा जीव कळवळतो. घरात पीठ आहे, डाळ आहे, चूल आहे. छंद असेल तर भूक त्याला उठवेल. नसेल तर मला कळेल की मी काय जन्माला घातले.

इथे आत्ता पाने वाढली आहेत, मला हाका मारत आहेत. दादा, तुझी माया आहे ती आज माझ्याकडे थोडी जास्त असू दे. मी पोटच्या पोराला उपाशी ठेवले आहे.

तुझी,
कांता