वेदिका रडते का?

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

गेली! वैष्णवी, माझी सून, काल चेन्नईला अकादमीत दाखल झाली. अकरा महिने ट्रेनिंग, मग लेफ्टनंट. शेखर, माझा धाकटा, तिला गेटपर्यंत सोडून आता परतीच्या गाडीत बसलाय. "वहिनींनी मागं वळून बघितलं नाही," एवढंच म्हणाला फोनवर.

तिची लेक माझ्यापाशी. वेदिका, सव्वादोन वर्षांची. संध्याकाळी दारात जाऊन बसली. "आई बाजाल?" हो म्हटलं, बाजारातच गेलीय.

६ ऑक्टोबर

हिरामण भाऊजी आले. चहा संपला आणि सुरू! "वहिनी, तान्ही लेक टाकून सून धाडली, लय मोठा पराक्रम केलात. शेखरशी लावून दिली असती तर घरची सून घरातच राहिली असती का नाय?" ह्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली. भावापुढे ह्यांची मान दुसऱ्या कुठल्या दिशेला हलतच नाही.

मयूर, माझा थोरला, गेला तेव्हा वैष्णवीला पाचवा महिना होता. सैन्याची गाडी दरीत कोसळली. तेराव्याला हेच भाऊजी आणि हेच बोलणं. शेखर गुणाचा आहे, पण पोरीला कुणी विचारायचं की नाही? मी विचारलं. म्हणाली, "आई, मी जेवायला वाढते तेव्हा शेखरभाऊजी मान वर करत नाहीत. त्यांनाही नकोय हे." मग भरतीचा अर्ज मीच आणला. शहिदांच्या बायकांना वयाची सवलत असते. तीस वर्षं अंगणवाडीच्या वह्या भरल्या, मला अर्जाचं काय ओझं!

ह्यांनी एका अटीवर जाऊ दिलं: ट्रेनिंग अर्धवट सोडून परत आली तर महिन्याच्या आत शेखरशी लग्न. वैष्णवीने हो म्हटलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोन नाही. सुरुवातीला देत नाहीत म्हणे.

१९ ऑक्टोबर, रविवार

आला! पाच मिनिटं. आवाज पार बसलेला. कशी आहेस विचारायच्या आत तिचं, "आई, वेदिका रडते का?"

आणि वेदिका तेव्हा परसात, शेखरच्या कडेवर, टाहो फोडून रडत होती. मी म्हटलं, "छे गं! तुझं नावसुद्धा काढत नाही. मजेत आहे. तू निश्चिंत राहा." ती म्हणाली, "बरं."

खोटं बोलले. पोर आईची जुनी ओढणी घरभर ओढत फिरते, तिच्यावरच झोपते. पण हे तिकडे सांगून काय करायचं? लेकरू ठेवून माहेरी गेलेल्या आईलासुद्धा आपण असंच सांगतो की.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लाह्या-बत्तासे आणले. रांगोळी काढावीशी वाटली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पाठीवर ओझं घेऊन पळायचं असतं. तिची नडगी दुखतेय. डॉक्टर म्हणाले, हाडाला केसाएवढी चीर आहे. भरून नाही आली तर पुढच्या बॅचमध्ये टाकतील, म्हणजे आणखी सहा महिने! पोरगी एकोणतीस वर्षांची, बाकीच्या बावीस-तेविसाच्या. "त्या मला दीदी म्हणतात आणि पुढं निघून जातात," म्हणाली.

मग पुन्हा तेच, "वेदिका रडते का?" मी पुन्हा तेच, "नाही गं, विसरली." पाच मिनिटं व्हायच्या आधीच तिनं फोन ठेवला.

माझं काही चुकतंय का?

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं बुडालं.

"आई, मी सोडते. अर्ज लिहून ठेवलाय."

म्हटलं, "इथं काय वाढून ठेवलंय माहितीय ना?"

"करीन लग्न. निदान वेदिका डोळ्यांसमोर राहील."

मला चटका बसला. वाटलं, हे माझ्या खोट्यामुळंच! जिच्यासाठी हाडं मोडून घेतेय तीच विसरली म्हटल्यावर कशाला राहील? म्हणून घाईघाईनं म्हटलं, "मी खोटं बोलले गं! रडते ती. तुझी ओढणी सोडत नाही." तर ती हमसून रडायलाच लागली. "मला माहीतच होतं. येतेच मी."

इकडे आड, तिकडे विहीर. रडत नाही म्हटलं तरी येते, रडते म्हटलं तरी येते. कसंबसं पंधरा दिवस थांबायला राजी केलं तिला. पंधरा दिवसांनी रविवारी घरच्यांना भेटू देणार आहेत. सोमवारी अर्ज देईन म्हणाली.

आणि खरं काय, ते या वहीतच लिहिते. दिवाळीपासून वेदिका रडलेली नाही. ओढणी धुवायला टाकली, तिनं मागितली नाही.

१२ नोव्हेंबर

ह्यांना सांगावं लागलं. "येऊ दे की. आपलं घर काय परकं हाय का तिला?" म्हणाले आणि निघाले मुहूर्त बघायला. माणूस वाईट नाही, म्हणून तर भांडताही येत नाही.

शेखर मोरीत हात धूत होता. पाठमोराच म्हणाला, "आई, मला त्यांना वहिनीच म्हणता येतं." रात्री जेवला नाही.

१५ नोव्हेंबर

मी जाणार. वेदिकाला घेऊन. सांगून काही होत नाही, तर तिला दाखवते. लेकीला पोटाशी धरलं की दहा हत्तींचं बळ येईल, अशी आशा आहे. खरं तर आशाही नाही, पण घरी बसून काय करू? शेखरनं पुण्याहून तिकिटं काढून दिली. हे बोलत नाहीत.

२१ नोव्हेंबर, गाडीत

मोबाईलमधला वैष्णवीचा फोटो दाखवला. "ही कोण?" "ताई." "नाही बाळा, आई." मान हलवली आणि माझ्या गालावर बोट ठेवलं. "आई."

सोलापूर येईपर्यंत शिकवत होते. चॉकलेटचं आमिष दाखवलं. नाहीच.

२३ नोव्हेंबर, चेन्नई स्टेशन

सकाळी अकादमीच्या भेटीच्या खोलीत वैष्णवी लंगडत आली. केस कापलेले, रापलेली. तिनं हात पुढं केले तर वेदिका किंचाळून रडायला लागली, माझ्या पदरात तोंड खुपसलं. मला वाटलं, संपलं.

वैष्णवीनं हात मागं घेतले. मग डोळे पुसून म्हणाली, "रोज वाटायचं, ती माझ्यासाठी रडतेय आणि तुम्ही लपवताय. ते सहन होत नव्हतं. ती मला विसरलीय, आता राहू शकते, आई." अर्ज माझ्यासमोर फाडला.

मला हवं होतं तेच झालं. गाडीची वाट बघतेय. वेदिका मघापासून मला "आई, आई" हाका मारतेय. मी ओ देत नाहीये.