तेरा वेळा व्हय

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

एक लाख सत्तावीस हजार चारशे. गाडीचं तेल बदलायचं!

अर्धी रजा टाकून शोरूमला गेले. गाडी सोडताना अडतीस हजारांचा अंदाज दिला होता. तोही काय कमी नव्हता, पण आबांना गाडी दुसरीकडं द्यायची नसते, म्हणून गप बसले. आज हातात चार पानी बिल. काचेचं टेबल, समोर कॉफी. घ्या ना मॅम, म्हणे. घशाखाली उतरणार होती का ती?

किल्लीतला सेल नऊशे रुपये. तोच सेल शाळेसमोरच्या घड्याळवाल्याकडं चाळीसला मिळतो, मीच आणते प्रयोगशाळेच्या वजनकाट्यासाठी. वायपरची दोन रबरं सहा हजार. एसीत जंतुनाशक फवारणी. गाडीच्या पोटाला कोटिंग. आणि दाराच्या रबरांना 'पोषण'. आमच्या शाळेतल्या पोरांना मिळत नाही एवढं पोषण रबराला!

विचारलं, हे सगळं करा म्हणून कोणी सांगितलं? ती सर्व्हिसवाली, श्रेया, गोड हसून म्हणाली, "सरांनी अप्रूव्ह केलंय ना मॅम. कॉलवर एकेक आयटम वाचून दाखवला, सर प्रत्येकाला व्हय म्हणाले. रेकॉर्डिंग आहे."

गाडी माझ्या नावावर. कागद माझे. मग फोन आबांना कशाला? तर फाइलवर नंबर सरांचा आहे.

पैसे भरल्याशिवाय गेटपास नाही. भरले. कॉफी तशीच ठेवून आले. तेवढंच जमलं मला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आबांसमोर बिल आपटलं. चष्मा लावून पहिलं पान बघितलं, परत माझ्या हातात दिलं. "कामून चिडती मंजे? चांगली मानसं हायती ती. सर सर करत्यात."

हेच. 'सर' ऐकायला जातात तिथं. उभा जन्म चितेगावात नुसता बद्रीनाथ म्हणून गेला. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं जमीन घेतली, तेव्हा पडेगावचं हे घर झालं, आणि स्वतःसाठी म्हणून आबांनी एकच गोष्ट मागितली. ही काळी जर्मन गाडी. तेव्हा मी हसले होते. पण रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन तिला पुसतात. दर रविवारी एकटे चितेगावला नेतात आणि कंपनीच्या भिंतीला लावतात, जिथं आमचं शेत होतं. आत बसून भुईमुगाच्या शेंगा खातात आणि परत येतात. टरफलं पिशवीत. गाडीत एक सांडू देत नाहीत.

आजही गेले. बिल टेबलावर तसंच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आबांनी मला शाळेत सोडलं. तीसच्या वर काटा नाही. मागं टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आबा ढिम्म. शेवटी तो बाजूनं पुढं गेला आणि खिडकीतून शिवी दिली. आबांनी त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मी शरमेनं खाली बघत बसले. किती हट्टी असावं माणसानं! दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून तर कोणाचं ऐकायचंच नाही असं ठरवलंय. काही विचारा, एक व्हय. पुढं काही नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डोकं फिरायची पाळी आली आहे.

मधल्या सुट्टीत मेसेज. अभिनंदन, आपण आमचं तीन वर्षांचं देखभाल पॅकेज निवडलंत. चौऱ्याऐंशी हजार, खालच्या लिंकवर भरा. डबा तसाच सोडून फोन लावला. काल सरांशी बोलणं झालं मॅम, सर व्हय म्हणाले.

म्हणलं, एक रुपया भरणार नाही. आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवा, दोन्ही पाठवा, नाहीतर ग्राहक आयोगात भेटू. ती म्हणाली, वरिष्ठांना विचारून सांगते. तिच्या वरिष्ठांच्या नावानं जे बोलले ते इथंही लिहिता येणार नाही. नववी ब ची पोरं खिडकीला लटकून ऐकत होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडं शफीभाईंचं गॅरेज आहे. त्यांची अनिसा माझ्या वर्गात होती, म्हणून मला 'टीचर' म्हणतात. आधी अकरा वर्षं अशाच एका शोरूममध्ये कामाला होते. बिल वाचताना मधेच थांबून चहा मागवला, मग पुढं वाचलं.

"पैंतीस हजार में होता ये सब, टीचर. वो बी ओरिजिनल सामान डाल के. और आधा काम तो करने काच नै था."

आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी गिअरचं तेल, ब्रेक. तिथं गेलात तर दोन लाख धरून चाला, म्हणाले.

मग तुमच्याकडंच देते, म्हणलं. पण घरी येईपर्यंत कळून चुकलं, त्याचा उपयोग नाही. गाडी दारात आहे तोवर ते फोन करणार आणि आबा व्हय म्हणणार. नंबर बदला म्हणून सांगितलं, तर नंबर बदलायलाही सरांची परवानगी लागते म्हणे.

रविवार, १६ नोव्हेंबर

विचारलं. आबा टीव्हीसमोर होते, आवाज नेहमीसारखा गल्लीभर. मी भाजी निवडत मागून विचारलं, आबा, गाडी विकू का?

"व्हय."

मला वाटलं होतं भांडतील. मी तयारीनं बसले होते. म्हणलं, नंतर वाईट नाय ना वाटायचं?

"व्हय."

काय व्हय? पण विकायला व्हय म्हणले ना. बास.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडी शफीभाईंकडं नेऊन दिली. धुऊन, पॉलिश मारून गिऱ्हाइकाला दाखवतील. चावी घेता घेता म्हणाले, "बाबा को पूछे ना, टीचर? उनकी जान है इस में."

विचारलं म्हणलं. व्हय म्हणाले.

"हौ? फिर ठीक है."

शनिवार, २९ नोव्हेंबर

सिल्लोडचा मक्याचा व्यापारी बघून गेला. भाव पाडून मागतोय. शोरूमकडून अजून रेकॉर्डिंग नाही. आज चौथं पत्र टाकलं.

बुधवार, ३ डिसेंबर

विकली. सह्या झाल्या, पैसे आले. शोरूमला फोन करून मुद्दाम सांगितलं, तुमचं एक गिऱ्हाईक गेलं, आता दुसरं शोधा. सांगून लई बरं वाटलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातूनच आबांना सांगितलं, गाडी गेली हो. "व्हय," म्हणले आणि पेपरचं पान उलटलं. सहा वर्षं जिला लेकरासारखं पुसलं, तिच्यासाठी एक शब्द नाही. त्याचाही मला रागच आला.

शनिवार, ६ डिसेंबर

रेकॉर्डिंग आलं. चार पत्रं आणि आयोगाची धमकी, तेव्हा कुठं सापडलं. कागद पेन घेऊन बसले, एकेक आयटम टिपून घ्यायचा म्हणून.

मी बद्रीनाथ सरांशी बोलतेय का? व्हय. सर, वायपर बदलून टाकू? व्हय. कोटिंग? व्हय. रबरांचं पोषण? व्हय. मी रेघा मारत गेले. नऊ आयटम, नऊ रेघा. मग श्रेया म्हणाली, सर, गाडी न्यायला कोण येणार?

"व्हय."

सर, किती वाजता पाठवणार?

"व्हय."

सर, माझा आवाज येतोय ना तुम्हाला?

नुसता आबांचा श्वास. मग जरा मोठ्यानं, हसून, "व्हय."

आणि तिनं थँक्यू सर म्हणून फोन ठेवला. ठेवला! एवढं ऐकूनही.

पुन्हा लावलं. मग उठून बाहेर गेले. आबा ओट्यावर पाठमोरे बसलेले. आबा, म्हणून हाक मारली. वळले नाहीत. अजून एकदा. नाही. चार पावलांवर उभी राहून विचारलं, आबा, तुमचं नाव काय?

माझी चाहूल लागली असावी. वळले, माझ्याकडं बघून मान हलवली.

"व्हय."

तो हॉर्न. तो टीव्ही. वर्गात तिसऱ्या बाकावरच्या पोराला ऐकू येत नाही, हे मी आठ दिवसांत ओळखते आणि त्याला पुढं आणून बसवते. आणि घरात दोन वर्षं हट्टी, हट्टी म्हणत बसले. श्रेयानं निदान फोनवर विचारलं होतं, तिला आबांचं तोंड दिसत नव्हतं. मी एका खोलीत बसून, त्यांच्या पाठीला विचारलं. शोरूमनं तेरा व्हय घेतले आणि सव्वा लाख नेले. मी एकाच व्हयवर गाडी नेली.

दुपारी शफीभाईंना फोन केला. व्यापाऱ्यानं गाडी मुलीच्या सासरी नाशिकला पाठवली आहे, आहेरात. आता मागता येणार नाही, म्हणाले.

आबांना सांगायला तीनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले. तीनदा चहाचं विचारून उठले.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी आबा ओट्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी धुतलेलं फडकं, शेंगांची पिशवी. मला समोर बसवलं आणि माझ्या तोंडाकडं नीट बघत म्हणाले, "मंजे, ह्या बारीला सर्व्हिसिंग लई दिवस चालली. आज येती ना गाडी?"

व्हय, म्हणलं.