विहीणबाईंची प्रार्थना

विहीणबाई एस्तेर यांस नमस्कार,

ईस्टरला तुम्ही बोलावलंत म्हणून बुरोंडीहून सुरमई घेऊन अलोऱ्याला आले. सकाळी तुम्ही घरातल्या घरात मेणबत्ती लावलीत आणि माझ्या अक्षयाने बायबल वाचलं. माहेरी दहा हाका मारल्या तरी आरतीला न येणारी माझी लेक तुम्हाला खेटून बसली होती. तुम्हाला "आई" म्हणत होती. माझा जीव जळला.

मग तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "प्रभू, अक्षयाच्या आईचा गुडघा बरा कर."

मी चमकले. गुडघ्याचं मी कुणालाच बोलले नव्हते. स्वयंपाकघरात अक्षयाला विचारलं, तर सुरमईला मसाला लावता लावता ती म्हणाली, "दिवाळीत तू भिंत धरून उठत होतीस. विचारलं असतं तर 'काही नाही' म्हणाली असतीस. म्हणून आईंना सांगितलं. तेव्हापासून त्या रोज मागतात."

माझं दुखणं लेकीने तुमच्यापाशी बोलावं, याचा राग अजून गेलेला नाही. पण तिचं माझ्याकडे लक्ष होतं. त्या दुपारी मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही माझ्यासाठी देवाकडे मागता आणि मी तुमचा हेवा करते, हे तुम्हाला कळायला नको.

अक्षयाची आई,
हौसा